आधी बाळ, मग बटण

सिस्टर, नमस्कार.

तुम्हाला आम्ही कदाचित आठवतही नसू. तिसाव्या आठवड्यातलं, 1200 ग्रॅमचं बाळ, कोपऱ्यातली काचेची पेटी. आता सात किलोचं झालंय आणि पालथं पडून घर डोक्यावर घेतं.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दोन दिवस दुसरीकडे होतो. तिथे मॉनिटर वाजला की कुणीतरी यायचं, बटण दाबून आवाज बंद करायचं आणि निघून जायचं. विचारलं तर, "मशीन असंच वाजतं, बाहेर बसा." ऑक्सिजन चालू आणि मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा कायम 99-100, म्हणून आम्ही बापडे खूश! इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्यालाच धोका, आकडा 90 ते 95 मध्ये ठेवायचा असतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा पायाखालची जमीन सरकली. (डोळ्यांच्या तपासण्या नीट आल्या.)

तुमच्याकडच्या पहिल्याच रात्री आकडा घसरत घसरत 78 वर आला. तुम्ही आलात. मशीन कोकलत होतं, पण तुमचा हात आधी पेटीच्या खिडकीतून आत गेला. छाती हलतेय का, ओठ कसे दिसतायत, हे बघून तुम्ही तळपायाला हलकी टिचकी मारलीत. बाळानं अंग आक्रसलं, श्वास घेतला. त्यानंतर बटण. पुढे किती वेळा वाजलं असेल देव जाणे, तुमचा क्रम कधी चुकला नाही. मी मोजत होते ना, दुसरं काम काय होतं मला.

आणि ती दुपार. बाळानं पाय झाडला, आकडा पडला, मी रडायला लागले. बाळ बघून झाल्यावर तुम्ही शेजारच्या रिकाम्या मॉनिटरचा प्रोब माझ्या बोटाला लावलात. 98. "आता बोट हलवा." हलवलं, तर माझाही आकडा गडगडला आणि मशीन बोंबलायला लागलं! किती दिवसांनी हसले मी.

एकेका सिस्टरमागे किती बाळं आणि ड्यूट्या कशा लागोपाठ, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात एका घाबरलेल्या बाईसाठी दोन मिनिटं काढायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माणुसकी ड्यूटीच्या तक्त्यात लिहिलेली नसते.

सकाळी मोबाईलचा गजर वाजला की माझा हात अजून आधी बाळाच्या छातीवर जातो. तोवर ह्यांची झोपमोड होते. होऊ दे.

तुमची,
कोपऱ्यातल्या पेटीची आई