डब्याखालचा ‘ट्रक’ म्हणजे मालट्रक नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या जुन्या खासगी रेल्वे डब्यांवर पानभर लेख आला. या विषयाला आपल्या वृत्तपत्रांत सहसा कुणी हात लावत नाही, म्हणून आधी आभार. पण दुसऱ्याच परिच्छेदात ‘मालकाने डब्याचे दोन्ही ट्रक बदलून घेतले’ असं वाक्य आहे आणि त्याच्या शेजारी मालट्रकचं चित्र छापलंय. रेल्वेच्या डब्याला मालट्रक कशासाठी लागेल, हा प्रश्न पान छपाईला जाण्याआधी एकालाही पडू नये?

अमेरिकन रेल्वेत ट्रक म्हणजे डब्याच्या दोन्ही टोकांखालचा चाकांचा सांगाडा. त्यालाच बोगी म्हणतात. बोलताना आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, तिथून गोंधळ होतो हे खरं. पण कारखान्यात बोगी म्हणजे खालचा सांगाडाच. ही नुसती शब्दाची चूक असती तर पत्र लिहिलं नसतं. लेखात मखमल, पितळी दिवे आणि महोगनीच्या फळ्यांवर तीन रकाने आहेत, आणि ज्या कामात मालकाचा पैसा व वर्षं जातात ते या एका चुकलेल्या वाक्यात संपलं.

हे काम कसं चालतं ते सांगतो. आधी ब्रेकचे दांडे, हातब्रेकची साखळी आणि आसावरच्या जनरेटरचा दांडा सोडवायचा. बोगी डब्याला मधोमध जिथे टेकते तिथला खिळा मोकळा करायचा. मग डब्याचं धड चार जॅकवर उचलायचं आणि बोगी खालून बाहेर ढकलायची. ती पूर्ण सुटी करून प्रत्येक ओतीव भाग तड्यांसाठी तपासायचा. सगळ्यात जास्त झीज सापडते ती स्विंग हँगरमध्ये. डब्याचं वजन ज्या आडव्या तुळईवर येतं ती तुळई बोगीच्या चौकटीला या दुव्यांनी टांगलेली असते, झोपाळा कड्यांना टांगावा तशी. ५०-६० वर्षं डोलून त्यातली पिन एका बाजूने झिजून चंद्रकोरीसारखी होते आणि तिचं भोक लांबट होतं. बाहेरून काही दिसत नाही. गाडी वेगात आली की डबा कडेला आपटल्यासारखा धक्के देतो, आणि आतला माणूस रुळांना दोष देतो.

बेअरिंगचंही तसंच. जुन्या डब्यांना साधी बेअरिंगं असत. आसाच्या टोकावर पितळेचा ठोकळा, त्याला मऊ धातूचं अस्तर आणि पेटीत तेलाने भिजवलेला बोळा. तेल आटलं की पेटी तापते, धूर येतो आणि शेवटी आसाचं टोक तुटतं. अशी बेअरिंगं असलेला डबा अ‍ॅमट्रॅक (अमेरिकेची राष्ट्रीय प्रवासी रेल्वे, हे खासगी डबे तिच्याच गाड्यांना जोडून फिरतात) आपल्या गाडीला जोडूनच घेत नाही, रोलर बेअरिंगच लागतात. जुने ब्रेक व्हॉल्व्ह काढून २६-सी जातीचे बसवावे लागतात, कारण बाकीची गाडी त्याच पद्धतीने ब्रेक घेते. ब्रेक पाइपात ११० पौंड दाब असतो. व्हॉल्व्हमधली रबरी पडदी वाळली की त्या डब्याचे ब्रेक उशिरा सुटतात किंवा सुटतच नाहीत, आणि चाकं तापतात.

म्हणून लेखातलं ‘हा डबा जसाच्या तसा जपला आहे’ हे कौतुक मला सगळ्यात जास्त खटकलं. जसाच्या तसा जपलेला डबा संग्रहालयात शोभतो, मुख्य मार्गावर जाऊ शकत नाही. मूळ डब्यात ३२ व्होल्टची डीसी वीज होती, आसावर फिरणाऱ्या जनरेटरमधून येणारी. गाडी थांबली की बॅटरीवर काम चालायचं. ऊब इंजिनाच्या वाफेतून मिळायची, गारव्यासाठी अनेक डब्यांत पोटाखाली बर्फाच्या पेट्या होत्या. आज वाफ देणारं इंजिनच गाडीला नसतं. इंजिनातून ४८० व्होल्ट, तीन फेजची वीज जाड केबलींमधून डब्याडब्यातून मागे जाते. त्यामुळे प्रत्येक खासगी डब्याखाली त्या केबली नव्याने टाकाव्या लागतात, आणि त्या फक्त त्या डब्यापुरत्या नसतात. या वीजमार्गाचं वर्तुळ सगळ्या गाडीतून फिरून पुरं व्हावं लागतं. शेवटच्या डब्याच्या प्लगमधला एक संपर्क ढिला असला तरी अख्ख्या गाडीचे दिवे आणि वातानुकूलन बंद पडतं. शेकडो प्रवासी अंधारात बसतात ते कुणाच्या तरी सुंदर डब्यातल्या एका काळवंडलेल्या पिनेमुळे.

मालक हे सगळं स्वीकारतात. वाफेच्या नळ्यांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस काढतात, शिसं असलेला रंग खरवडतात, रुळांवर मोकळ्या होणाऱ्या शौचकुपांच्या जागी टाक्या बसवतात. एवढं करून आत महोगनी, दिवे, डब्याचं नाव, मागची कठड्याची गॅलरी जुनी ठेवतात. माझ्या मते याचंच कौतुक व्हायला हवं होतं.

‘स्टेनलेस स्टीलचे डबे, त्यामुळे गंजाची चिंता नाही’ हे वाक्यही अर्धंच बरोबर आहे. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने १९३४ पासून जे डबे बांधले ते शॉटवेल्ड पद्धतीने जोडलेल्या स्टेनलेसचे. क्षणभर जबरदस्त प्रवाह देऊन ठिपक्याठिपक्यांनी जोड घ्यायचा, म्हणजे उष्णतेने पोलादाचा गुण बिघडत नाही. ते खरोखर टिकले. पण तिथेही टोकांकडचा खालचा सांगाडा स्टेनलेसचा नव्हता, आणि शौचालय व स्वयंपाकघराखाली तो सडतोच. पुलमन या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच डब्यांत तर आतलं अंग कॉर-टेन नावाच्या, स्टेनलेस नसलेल्या पोलादाचं आणि वर फक्त शोभेला स्टेनलेसचा नालीदार पत्रा. दोन्हींच्या मध्ये पाणी अडकतं. बाहेरून डबा लखलखीत दिसतो आणि पत्रा उचकटला की खालून गंजाचे पापुद्रे ओंजळीओंजळीने निघतात. विकत घेणाऱ्याने खिडक्यांच्या खालच्या कडेचा पत्रा काढून पाहिल्याशिवाय सही करू नये. छतावर काचेचा घुमट असलेल्या डब्याच्या वाकवलेल्या दुहेरी काचाही तपासाव्यात. मधली हवाबंद पट्टी गेली की आत धुकं धरतं, आणि तशी काच तयार मिळत नाही.

प्रवासाच्या अनुभवाबद्दल लेखात ‘तरंगत गेल्यासारखं वाटतं’ एवढंच आहे. कोणत्या डब्यात, हे सांगायला हवं. १९३० च्या आसपासचे जड डबे रिव्हेट ठोकलेले, जमिनीला काँक्रीट आणि खाली सहा चाकी बोग्या. त्या वजनामुळे लहान धक्के विरून जातात आणि आवाज जमिनीतून वर येत नाही. नंतरचे हलके डबे जास्त डोलतात. त्यातही गाडीच्या अगदी शेवटी जोडलेल्या डब्याला मागून धरणारं काही नसतं, त्यामुळे सांधे बदलताना शेपटीचा फटकारा त्यालाच बसतो. त्या वेळी हातात भरलेला पेला ठेवू नये. कुणी हातब्रेक सोडायला विसरून यार्डात डबा ओढला असेल तर चाक घासून एका जागी सपाट होतं. मग रात्रभर उशीखाली ठकठक चालते, वेग वाढेल तशी जलद. लेथवर चाकं पुन्हा गोल करून घेणं हाच त्यावर उपाय.

मागच्या गॅलरीत उभं राहून रूळ दूर पळताना पाहणं मात्र दुसऱ्या कशात नाही. त्याबद्दल लेखकाशी माझं पूर्ण एकमत आहे. फक्त तिथे ब्रेकची काळी धूळ अंगावर येते, पांढरे कपडे घालू नयेत. पश्चिमेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट: तिथले दुमजली डबे एकमेकांना वरच्या मजल्याने जोडलेले असतात, त्यामुळे मागच्या एकमजली खासगी डब्यातून पुढे चालत जाता येत नाही. जेवण, पाणी, औषध सगळं आपल्याच डब्यात हवं.

‘हव्या त्या स्टेशनवर डबा जोडता येतो’ हेही काढून टाका. २०१८ च्या वसंतात अ‍ॅमट्रॅकने नियम कडक केले आणि डबे जोडण्या-सोडण्याची ठिकाणं मोजकीच ठेवली. कारण समजण्यासारखं आहे. डबा जोडायचा म्हणजे आधी हळू टेकवायचं, कपलिंग धरलंय का ते ओढून पाहायचं, गाडीची वीज बंद करायची आणि निळी खूण लावायची, म्हणजे माणसं काम करत असताना गाडी कुणी हलवत नाही. मग हवेच्या दोन नळ्या, २७ तारांची संदेश केबल आणि विजेच्या जाड केबली जोडायच्या, वीज परत चालू करायची आणि ब्रेक तपासायचे. तोवर बाकीचे प्रवासी थांबून असतात.

आता छायाचित्राबद्दल. फर्डिनंड मॅगेलन हा राष्ट्राध्यक्षांचा डबा ‘भाड्याने मिळतो’ असं छापलंय. तो मायामीच्या गोल्ड कोस्ट रेल्वे संग्रहालयात उभा आहे. १९२९ साली पुलमनने बांधला, १९४२ मध्ये त्याला ५/८ इंचाचं चिलखत आणि ३ इंच जाडीच्या काचा बसवल्या, वजन २,८५,००० पौंड झालं, म्हणजे सुमारे १२९ टन. त्याच्या गॅलरीत उभे राहून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन स्वतःच्या पराभवाच्या चुकीच्या मथळ्याचं वृत्तपत्र उंचावतात, ते छायाचित्र लेखात छापल्याप्रमाणे वॉशिंग्टनचं नाही. नोव्हेंबर १९४८ मधलं, सेंट लुईच्या स्टेशनवरचं आहे.

पुढच्या रविवारी छायाचित्रातल्या स्टेशनचं नाव दुरुस्त करावं, डबा भाड्याने मिळत नाही हे छापावं, आणि मालट्रकच्या चित्राच्या जागी एका सुट्या केलेल्या बोगीचं छायाचित्र द्यावं. त्यात झिजलेली पिन दिसली तर अधिक बरं.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक