आपली ती कर्तबगार, त्यांची ती रबर स्टँप

पुणे, रविवार दुपार

प्रिय वैजू,

आमच्याकडचा एकजण तुमच्याकडच्या बाईबद्दल घाण बोलला ती तू पाठवलेली क्लिप बघितली आणि तिच्याखाली तू लिहिलेलंही वाचलं, की आता कुठे गेले तुमचे सगळे महिला सन्मानवाले. फोनवर आपण दोघी, तू भाजपवाली आणि मी काँग्रेसवाली, एकदम बोलतो आणि विषय भलतीकडेच जातो म्हणून पत्र लिहितेय, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तो माणूस जे बोलला ते हलकट होतं. माझ्या बाजूचा आहे म्हणून मी त्यात एक शब्दही कमी करणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवरही मी हेच लिहिलं तर लगेच एकाने विचारलं, ताई तुम्ही कधीपासून तिकडच्या झालात? म्हणजे बघ, एका बाईबद्दल कोणीतरी घाण बोलतो, त्याला घाण म्हणलं की लोक आधी माझा पक्ष तपासतात. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, आणि आज त्याबद्दलच बोलायचंय.

२०२२ आठव. द्रौपदी मुर्मूंची राष्ट्रपतिपदाची उमेदवारी जाहीर झाली आणि तुझ्याकडून रोज काही ना काही यायला लागलं, देवळात झाडू मारतानाचा व्हिडिओ, त्यांनी नवरा आणि दोन मुलं कशी गमावली ते, साधी राहणी वगैरे. माझ्याकडचे लोक त्याच आठवड्यात म्हणत होते की ही रबर स्टँप, तेजस्वी यादव तर म्हणाले की राष्ट्रपती भवनात मूर्ती नको. आणि दोन्हीकडच्या कोणालाही ही बाई आधी काय करत होती ते बघावंसं वाटलं नाही! मी शोधून वाचलं तेव्हा थक्क झाले. रायरंगपूरला शाळेत शिकवलं, १९९७ ला तिथल्याच नगरपंचायतीत नगरसेविका, मग दोनदा आमदार, ओडिशात मंत्री, २०१५ पासून झारखंडच्या राज्यपाल. आणि राज्यपाल असताना २०१७ मध्ये त्यांनी छोटा नागपूर आणि संथाल परगण्याच्या जमीन कायद्यांतल्या दुरुस्त्यांची विधेयकं सही न करता सरकारकडे परत पाठवली. आदिवासींची शेतजमीन दुसऱ्या कामांना वापरायची वाट त्याने मोकळी होणार होती, त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, आणि सरकार कोणाचं तर त्यांच्याच पक्षाचं, रघुवर दासांचं.

आता सांग, आमच्या लोकांनी हे वाचलं असतं तर रबर स्टँप म्हणायला जीभ धजली असती का? आणि तुमच्या लोकांनी हे का नाही सांगितलं? त्यांच्या आयुष्यातलं हे केवढं मोठं काम आहे, पण ते सांगितलं की आपलंच सरकार उघडं पडतं. मग झाडूचा व्हिडिओ बरा, त्यात कोणाचीच अडचण होत नाही.

प्रतिभाताई पाटलांचं तरी काय वेगळं झालं. २००७ ला हेच सगळं उलट्या बाजूने. तेव्हा तुमच्याकडचे म्हणत होते रबर स्टँप, गांधी घराण्याशी निष्ठा एवढीच लायकी, आणि आमच्याकडे पहिली महिला राष्ट्रपती म्हणून पेढे. अगं १९६२ ला जळगावातून निवडून आलेली बाई, वय सत्तावीस, पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेत्या, आणि राजस्थानच्या राज्यपाल असताना वसुंधराराजे सरकारचं धर्मांतरविरोधी विधेयक त्यांनीही परत पाठवलं होतं, २००६ मध्ये. दोघींनी राज्यपाल म्हणून सरकारला नाही म्हणून दाखवलंय आणि दोघींना रबर स्टँपच म्हणलं! शिवसेनेने तेव्हा एनडीएत असूनही मराठी बाई म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला ते मला आवडलं होतं, पण तिथेही कारण मराठी हेच, काम नाहीच.

मुर्मू राष्ट्रपती झाल्यावरचा तमाशा तर तुला माहितीये. आमच्या काँग्रेसचे अधीर रंजन चौधरी त्यांच्याबद्दल काय बोलले ते मी इथे परत लिहीत नाही. त्यांनी लेखी माफी मागितली, जीभ घसरली म्हणाले. पण मधल्या दोन दिवसांत संसदेत काय झालं, स्मृती इराणी उभ्या राहिल्या, सोनियांनी माफी मागावी म्हणून घोषणा, कामकाज बंद. मुर्मूंचा अपमान बाजूलाच राहिला आणि टीव्हीवर सोनिया विरुद्ध स्मृती असा सामना सुरू झाला. आणि मग मे २०२३, नव्या संसद भवनाचं उद्घाटन. आता आमची पाळी. उद्घाटन राष्ट्रपतींच्या हस्ते का नाही, हा आदिवासी महिलेचा अपमान आहे म्हणून विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला. मुद्दा म्हणून मला तो पटतो, राष्ट्रपती हा संसदेचाच भाग आहे, त्यांना बोलवायलाच हवं होतं. पण वर्षही झालं नव्हतं गं मूर्ती म्हणून! आणि ज्यांनी वर्षभरापूर्वी आदिवासी कन्येचा गौरव म्हणून ढोल वाजवले त्यांना त्या दिवशी त्यांची खुर्ची तिथे नाही याचं काहीच वाटलं नाही.

सोनियांचं लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही आणि इथे तुला राग येईल, येऊ दे. २००४ ला सुषमा स्वराज म्हणाल्या की सोनिया पंतप्रधान झाल्या तर मी केस काढीन, पांढरी साडी नेसेन, जमिनीवर झोपेन. सुषमाबाई फार मोठ्या वक्त्या होत्या, दिल्लीच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री, त्यांची भाषणं आपण दोघींनी कान देऊन ऐकलीयत. तरी मला ते वाक्य आजही सहन होत नाही. समोरची बाई विधवा, आणि तिला विरोध करायचा तर स्वतःवर विधवेपण लादून घ्यायची भाषा! आपण ज्या हिंगण्याच्या हॉस्टेलमध्ये राहिलो ना, ती सगळी जागा अण्णासाहेब कर्व्यांनी असल्या बायकांसाठीच उभी केली होती, केस काढलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या. ते ज्यांना माहितीये त्यांनी तरी त्या दिवशी टाळ्या वाजवायला नको होत्या.

आणि हे फक्त तुमच्याकडचंच नाही. १९९९ ला सोनियांच्या विदेशी मुळाच्या मुद्द्यावर पवारसाहेब, संगमा आणि तारिक अन्वर यांना काँग्रेसमधून काढलं, त्यांनी जूनमध्ये राष्ट्रवादी काढली आणि ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात त्याच काँग्रेसबरोबर सरकारात जाऊन बसले. विदेशी मूळ हा जर खरंच देशाच्या हिताचा प्रश्न होता तर चार महिन्यांत मिटला कसा, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. पुढे २०२२ च्या दिवाळीत ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्या पुण्यात केवढा आनंद, इन्फोसिस पुण्यात सुरू झाली, त्यांच्या सासूबाई सुधाताई मूर्ती इथे टेल्कोत होत्या, म्हणजे जावई आपलाच. सुनक तिथेच साउथॅम्प्टनला जन्मलेले, सोनिया बाहेरून आलेल्या, हा फरक मला कळतो. पण भारतीय वंशाचा हिंदू माणूस त्यांनी स्वीकारला म्हणून ब्रिटिशांचं कौतुक करणारे बरेचसे तेच होते जे इकडे इटलीचा उल्लेख केल्याशिवाय एक वाक्य पूर्ण करत नाहीत. आणि तिकडेही सगळं आलबेल नाही, क्वासी क्वार्टेंग हुजूर पक्षाचे अर्थमंत्री झाले तर मजूर पक्षाच्या रूपा हक म्हणाल्या की ते वरवरचेच काळे आहेत. स्वतः बांगलादेशी मुळाच्या बाईने हे म्हणावं! पक्षाने निलंबित केलं, त्यांनी माफी मागितली. म्हणजे आपल्या पक्षात आला नाही तर त्याची कातडी पण खरी नाही.

तुला आमच्या गल्लीतलं सांगते, काही वर्षांपूर्वीचं. ड्रेनेज तुंबलं होतं, पाणी थेट जिन्यापर्यंत. आमच्या नगरसेविका सकाळी सातला आल्या, साडीचा पदर खोचून जेटिंग मशीनच्या शेजारी उभ्या. क्षेत्रीय कार्यालयाचा इंजिनियर म्हणत होता की चेंबर साफ केलं की झालं, तर या म्हणाल्या की नाही, मागच्या वेळी रस्ता केला तेव्हा त्या कोपऱ्यावरच्या लाईनचा उतार बिघडलाय, तिथे खणा. खणलं तर तसंच निघालं. आणि हे सगळं चालू असताना आमच्या खालचे काका त्यांना काय म्हणाले माहितीये, तुम्ही राहू द्या, साहेबांना पाठवा. साहेब म्हणजे त्यांचे मिस्टर. बाई काही बोलल्या नाहीत, चिखलातून पलीकडे गेल्या आणि मजुरांना पाणी द्यायला सांगितलं. पुढे निवडणुकीआधी त्यांनी पक्ष बदलला, काकांच्याच पक्षात आल्या. त्या दिवसापासून काका सगळ्यांना सांगायला लागले, एकदम अभ्यासू बाई, ड्रेनेजची लाईन न् लाईन पाठ आहे. बाई तीच, लाईनही तीच! मी काकांना तोंडावर विचारलं तर म्हणाले, तेव्हा त्या चुकीच्या पक्षात होत्या ना.

उत्तर प्रदेशात तर याची हद्द झाली होती. २०१६ ला भाजपच्या दयाशंकर सिंहांनी मायावतींबद्दल जे काही म्हणलं त्यावर पक्षाने त्यांना काढलं, योग्यच केलं. मग बसपाचे कार्यकर्ते रस्त्यावर आले आणि घोषणा कोणाविरुद्ध तर त्या माणसाच्या बायकोविरुद्ध आणि शाळकरी मुलीविरुद्ध. एका बाईच्या अपमानाचा बदला दोघींच्या अपमानाने. मग भाजपने त्या बायकोला, स्वाती सिंहांना तिकीट दिलं, त्या २०१७ ला निवडून येऊन मंत्री झाल्या आणि दयाशंकरही पक्षात परत आले. मायावतींना बोलल्याची किंमत शेवटी कोणी मोजली ते मला सांग.

आता यातलीच दुसरी बाजू, जी तुला पटेल. आमच्याकडे अल्पसंख्याक किंवा दलित नेत्यावर टीका केली की लगेच म्हणतात, बघा त्याची जात बघून बोलले, धर्म बघून बोलले. हेही मला मान्य नाही. अंतुले महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री, सिमेंट प्रकरणात हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि १९८२ च्या जानेवारीत पायउतार झाले, त्याची चिरफाड झाली ती व्हायलाच हवी होती, तिथे धर्माची ढाल चालणार नाही. पण त्याच अंतुल्यांनी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं, निराधारांसाठी योजना आणली, हे आज किती जणांना माहितीये? रायगडावर जाऊन घसा कोरडा होईपर्यंत जयजयकार करणाऱ्या आमच्या ऑफिसमधल्या पोरांना मी सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. आणि सुशीलकुमार शिंदे, कोर्टातल्या शिपायापासून वर आलेला माणूस, २००४ ची निवडणूक त्यांच्या मुख्यमंत्रिपदाखाली जिंकली आणि खुर्ची मिळाली विलासरावांना. हे आमच्या पक्षाने केलं, सामाजिक न्यायाची भाषणं ठोकणाऱ्या पक्षाने. महाराष्ट्रात आजपर्यंत एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही, आणि त्यात कोणताही पक्ष सुटत नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे वैजू. मुर्मूंवर टीका करायची तर त्यांनी कशावर सही केली, कशावर मौन धरलं यावर कर, भरपूर कर, मीही करते. त्या आदिवासी आहेत म्हणून मला कोणी गप्प बसवू नये. पण दिसण्यावर, नवऱ्यावर, जन्मावर, जातीवर कोणी बोललं तर बोलणारा आपला आहे का त्यांचा हे बघायला आपण थांबायचंच का? तुमच्या चंद्रकांतदादांनी सुप्रियाताईंना घरी जाऊन स्वयंपाक करा म्हणलं तेव्हा तू मला लिहिलंस की गावाकडची बोलायची पद्धत आहे ती. दिलगिरी त्यांनीही व्यक्त केली नंतर, पण तुझं ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. आमच्या अरविंद सावंतांनी शायना एनसींबद्दल जे म्हणलं ते तुझी क्लिप यायच्या आत मीच तुला पाठवलं होतं, आठवतंय का?

तर आपल्या दोघींपुरतं असं करू. तुमच्याकडचा कोणी असलं बोलला तर पहिला मेसेज तुझा यायला हवा, आमच्याकडचा बोलला तर माझा. जी समोरच्या बाजूची आहे तिने थांबायचं. चालेल का ते कळव, चालत नसेल तर का ते लिही, फॉरवर्ड नको, स्वतःच्या शब्दांत लिही.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? तारीख कळली की लगेच सांग, मी रजा टाकून नागपूरला येईन, हॉस्पिटलात रात्री थांबायला तुला माणूस लागेलच.

तुझीच,
सुमी