पोटातल्या मशीनबद्दल आईला

ओहायो, ९ नोव्हेंबर

ती. आईस साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तू रडायला लागलीस म्हणून मी विषय बदलला. दादाने तुला "पोटात करंटचं मशीन बसवलं" एवढंच सांगितलं, आणि तुझ्या डोळ्यांपुढे तुरीच्या वावराभोवतीचं झटका मशीन आलं, रानडुकरांसाठी लावलेलं. तसं नाही गं. चष्मा लावून सावकाश वाच.

जेवण पोटात गेलं की जठर मिनिटाला साधारण ३ वेळा लाटेसारखं आकसतं, अन्न घुसळतं आणि थोडं थोडं आतड्यात ढकलतं. त्या लाटांची चाल विजेवरच चालते, तुझ्याही पोटात. माझी साखर अकराव्या वर्षापासूनची. इतक्या वर्षांत जठराला हलवणारी नस दुबळी झाली. इथे मला किंचित किरणोत्सारी द्रव्य घातलेलं अंडं खायला दिलं आणि ४ तास पोटाचे फोटो काढले. तेवढ्या वेळाने १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरात राहायला नको. माझं निम्म्याच्या आसपास तसंच होतं. याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. सकाळच्या उलटीत रात्रीचा भात निघायचा तो त्यामुळेच. इन्सुलिन आपलं काम सुरू करायचं, अन्न मात्र वरच अडकलेलं. मग साखर घसरायची आणि मध्यरात्री एकदम चढायची.

"माह्या हातून काही चुकलं का वं?" असं तू विचारलंस, ते मला फार लागलं. भारनियमनात फ्रीज बंद असला की इन्सुलिनची बाटली डबीत घालून माठात ठेवायचीस तू. उन्हाळाभर एक दिवस चुकला नाही. होस्टेलवर इंजेक्शनं चुकवली ती मी, आणि दोन वर्षं उलट्या लपवल्या त्याही मीच.

गोळ्या झाल्या, पथ्य झालं, वजन उतरतच गेलं, तेव्हा हा मार्ग निघाला. दुर्बिणीने ऑपरेशन केलं. जठराच्या स्नायूत दोन बारीक तारा, एकमेकींपासून १ सेंटिमीटरवर; त्यांची टोकं पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या काड्यापेटीहून जरा मोठ्या, चपट्या डबीला जोडलेली. दर ५ सेकंदांनी ती अगदी क्षणभर, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी, हलके ठोके देते. मला काहीच जाणवत नाही. डबीवरून हात फिरवला तर उंचवटा लागतो, तेवढंच.

आता नीट ऐक, कारण गावात "पोरगी बरी झाली" असं सांगू नकोस. हे मशीन जठराला पुन्हा धावायला लावत नाही. मळमळ आणि उलटी कमी करतं, तेही सगळ्यांची नाही. फ्रान्समध्ये १७२ जणांना बसवून ४ महिने चालू, ४ महिने बंद असं त्यांच्या नकळत करून पाहिलं. चालू असताना उलट्या कमी झाल्या, पण अन्न पुढे सरकण्याचा वेग वाढला नाही, आणि एकूण जगणं फारसं सुधारल्याचंही दिसलं नाही. अमेरिकेत २००० साली याला परवानगी मिळाली ती थोड्या रुग्णांच्या दुखण्यांसाठी असलेल्या खास सवलतीतून. जागा पिकू शकते, तार सरकू शकते, काही वर्षांनी बॅटरी संपली की पुन्हा ऑपरेशन. हे सगळं समजून मी हो म्हटलं. दिवसाला आठ-दहा उलट्या व्हायच्या, आता आठवड्यात एखाद-दुसरी. माझ्यासाठी हे खूप आहे, आई.

खाणं मात्र बदललंच. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं. अंबाडीची भाजी नाही, तळलेलं नाही. संत्र्यांचा आंबिया बहार उतरतोय आणि मी आले तरी फोडी खाता येणार नाहीत; संत्र्याचा चोथा माझ्या जठरात गोळा होऊन बसू शकतो. पातळ पदार्थ सहज खाली उतरतात, तेव्हा तुझी ज्वारीची आंबील चालेल, पीठ वस्त्रगाळ करून.

आणि एक काम कर. मोठ्या आत्याला वीस वर्षांची साखर आहे, आणि तिच्या उलट्यांना सगळे पित्त म्हणतात. कोणी बेंबी चढवून देतं, कोणी सलाईन लावतं. तिला नागपूरला पोटाच्या डॉक्टरांकडे ने. दोन गोष्टी त्यांना आवर्जून सांग: उलटीत आदल्या रात्रीचं अन्न निघतं का, आणि दोन घासांत पोट भरतं का. मशीनचं नाव काढू नको, ते फार पुढचं. आधी दुर्बिणीने वाट कुठे अडलेली नाही ना ते पाहतील, मग जठर किती वेळात रिकामं होतं त्याची तपासणी. तिच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत ने. काही औषधांनीही जठर मंदावतं.

रविवारी फोन करते. तोवर आत्याशी बोलून ठेव.

तुझी,
बेबी