लाल्ला, त्या कोऱ्या पातेल्यासाठी

लाल्ला, सप्रेम नमस्कार.

तुमच्या गल्लीतले लहानथोर सगळे तुम्हांला मानाने लाल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तुमचं नाव कुठे छापून आलेलं तुम्हांला आवडत नाही, हे तुमच्या नातीने सांगितलं आहे, तेव्हा ते लिहीत नाही. मी तिला फोनवर इंग्रजीत सांगेन आणि ती तुम्हांला तुमच्या बोलीत ऐकवेल, असं आमचं ठरलंय. पत्र मात्र मराठीत लिहितेय, कारण माझ्या माणसांनीही ते वाचायला हवं. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, ‘हनिमूनला मोरोक्को? अगं, मग तू खाल्लंस काय?’

तुम्ही माझ्या गळ्यातली माळ पाहिली होतीत. ती तुळशीची आहे. आमचं घर बारामतीकडचं, वारकऱ्यांचं. आजोबांनी आयुष्यभर आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली. मी शाळेत असतानाच माळ घातली, तेव्हापासून मांस-मासळी वर्ज्य. नवऱ्याकडे रविवारी मटण शिजतं. लग्नाआधीच आमचं मोकळं बोलणं झालं होतं आणि सासूबाईंनी माझ्यासाठी वेगळी भांडीही काढून ठेवली होती. त्यामुळे या गोष्टीचा मला घरात कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो पैसे मोजून घेतलेल्या सहलीत.

तुमच्या फेस शहरात यायचा हट्ट नवऱ्याचा. तो वास्तुरचनाकार आहे. बहुतेक लोक माराकेशला जातात, पण त्याला चौदाव्या शतकातला बू इनानिया मदरसा बघायचा होता. खाली हाताने तासून बसवलेल्या रंगीत फरशांची नक्षी, मध्ये गिलाव्यावरचं कोरीव काम आणि वर देवदाराचं लाकूड, असं तिन्ही एकाच भिंतीवर डोळ्यांनी बघायचं होतं. पुण्यातल्या एका सहल कंपनीने सगळं ठरवून दिलं. ‘शाकाहाराची काळजीच करू नका’ असं त्यांनी तोंडीही सांगितलं आणि लिहूनही दिलं. नव्या शहरातल्या त्या हॉटेलात पहिल्याच रात्री भाज्यांचं सूप म्हणून जे आलं, त्याच्या तळाशी मांसाचे तुकडे होते. दुसऱ्या दिवशी भाज्यांचा कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याच्या बारीक कण्या, आला, तो मटणाच्या रश्शावर वाफवलेला. वाढणाऱ्याने शांतपणे सांगितलं, तुकडे बाजूला काढा आणि खा. पुण्याला फोन लावला तर पलीकडचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, हनिमूनला आलाय ना, थोडं ॲडजस्ट करा.’

ते वाक्य मला अजून बोचतं. पोटात भूक होतीच, पण त्याहून जास्त लागलं ते हे की माझा नियम त्याला लहान मुलीचा हट्ट वाटला. कंपनीनेच दिलेला वाटाड्या आम्हांला गालिच्यांच्या दुकानातून उठवून चामड्याच्या दुकानात बसवत होता. जेवायचं काय, एवढं विचारलं की त्याची मान दुसरीकडे वळायची. मी संत्री, खजूर आणि कोरडा पाव यांवर होते. फेब्रुवारीतला पाऊस, अंगात कणकण, नव्या नवऱ्यासमोर सारखं डोळ्यांत पाणी. ‘आपण परत जाऊ’ असं तो म्हणाला, तेव्हा त्याचा चेहरा मला बघवला नाही. मग आम्ही ते हॉटेल सोडलं आणि जुन्या शहरात, रसीफच्या चौकापासून जवळ, तुमच्याकडे आलो.

बाहेरून तुमचं घर म्हणजे एक उंच कोरी भिंत आणि एक ठेंगणं दार. आत आलो आणि डोक्यावर एकदम आभाळ उघडलं. चौक, कारंजं, जोत्यापर्यंत निळ्या-हिरव्या फरश्या, वर लाकडी कठडा. तुम्ही माझ्या कपाळाला हात लावलात, गॅसची शेगडी आमच्या खोलीत आणून ठेवलीत आणि हरीरा नावाच्या गरम सूपचे दोन वाडगे समोर केलेत. टोमॅटो, मसूर, हरभरे, कोथिंबीर. वास इतका ओळखीचा होता की माझा हात पुढे गेला. पण त्यातही मटणाचे बारीक तुकडे असतात हे आता कळलं होतं. मी माळेला हात लावला आणि मान हलवली. तुमच्या नातीने तुम्हांला काहीतरी सांगितलं.

त्यानंतर तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही ‘का’ असं विचारलं नाहीत. ‘थोडंसं चालेल का’, ‘नुसता रस चालेल का’, हेही नाही. माझा वाडगा उचलून आत नेलात, जेलाबाची, म्हणजे तुमच्या त्या लांब झग्याची, टोपी डोक्यावर ओढलीत आणि त्या पावसात, त्या निसरड्या दगडांवरून एकट्या बाहेर पडलात. नातीने ‘मी जाते’ म्हटलं तर तिला हातानेच थांबवलंत. बऱ्याच वेळाने परत आलात ते काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. माझ्यासमोर तो कागद सोडलात. आत पातेलं होतं. ते तुम्ही उलटं केलंत आणि बुडावर चिकटवलेली किमतीची चिठ्ठी मला बोटाने दाखवलीत. या भांड्यात अजून कुणी काही शिजवलेलं नाही, एवढंच तुम्हांला सांगायचं होतं.

लाल्ला, मी तिथेच रडले, ते आजारपणामुळे रडतेय असं तुम्हांला वाटलं असेल. तसं नव्हतं. जुनंच पातेलं घासूनपुसून तुम्ही त्यात शिजवलं असतंत तरी मी विश्वासाने जेवले असते आणि तुमचे पाय धरले असते. पण घासलेल्या भांड्याबद्दलही एखाद्या माळकऱ्याच्या मनात शंका राहते, हे तुम्हांला कुणीही न सांगता कळलं. आणि ती शंका मी बोलून दाखवायच्या आत तुम्ही ती मिटवलीत. मला काही मागावं लागलं नाही, काही समजावून सांगावं लागलं नाही. माझ्या सासूबाईंनी जी भांडी काढून ठेवली होती, त्यामागे सहा महिन्यांची बोलणी होती. तुम्ही मला जेमतेम तासभर ओळखत होतात.

त्या पातेल्यात तुम्ही बिसारा केलात. वाटलेल्या वाळक्या बाकल्याच्या, म्हणजे फावा बीन्सच्या, डाळीचा तो दाट घट्ट रस, वर लसूण, जिरं, लाल मिरचीची पूड आणि ऑलिव्ह तेलाची धार. आमच्या पिठल्यासारखाच तो पोटात जाऊन बसला. तुमच्या शहरात थंडीत सकाळी कामाला जाणारा माणूस हेच खाऊन जातो, हे मला नंतर कळलं. म्हणजे मला चालेल असं अन्न त्या गल्ल्यांमध्ये पहिल्यापासून होतंच. कुणीतरी माझा विचार करून एकदा डोकं लावण्याची गरज होती.

पुढचे दिवस तुम्ही आम्हांला बाजारात नेलंत, आणि माझं लग्नानंतरचं पहिलं फिरणं तिथून सुरू झालं असं मी धरते. हातात वेताची टोपली, पुढे तुम्ही, मागे आम्ही. ‘बालाक! बालाक!’, म्हणजे ‘बाजूला व्हा’, अशी आरोळी आली की तुम्ही आम्हा दोघांना दंडाला धरून भिंतीशी ओढायचात आणि गॅसच्या टाक्यांनी लादलेलं खेचर आम्हांला घासून निघून जायचं. त्या गल्ल्यांत मोटार शिरतच नाही. सगळा बाजार माणसाच्या आणि जनावराच्या पाठीवरून चालतो. रसीफला तुम्ही प्रत्येक भाजीवाल्याशी भांडून भाव केलात आणि प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलंत, ‘ब्ला ल्हम’, बिनमांसाची. दोन दिवसांत तो अख्खा रस्ता मला त्याच नावाने ओळखू लागला. मुळ्याची जुडी देतानाही ते हसून तेच म्हणायचे. पण त्या हसण्यात चेष्टा नव्हती. एका म्हाताऱ्या पाववाल्याने तर माझ्यासाठी पाव काढताना आधी हात धुतले.

सकाळी तुम्ही मळलेल्या पिठाचे गोळे फळीवर मांडून, वर फडकं टाकून फर्रानवर पाठवायचात. मोहल्ल्याची ती सामाईक भट्टी मला फार आवडली. मशीद, पाण्याचा नळ, हमाम, मुलांची शाळा आणि भट्टी, एवढं असलं की तो मोहल्ला पुरा, असं तुमच्या नातीने सांगितलं. भट्टीवाला कुणाचा पाव कुठला हे न विसरता प्रत्येकाच्या फळीवर परत ठेवतो. मी तिथे उभी राहून बघत असे. एवढी घरं, एवढे पाव, आणि कुणाचा घास कुणाच्या ताटात जात नाही.

अत्तारीनच्या मसाल्यांच्या गल्लीत मी जिरं तळहातावर चोळून बघितलं, तसं तुम्ही दुकानदाराकडे अभिमानाने पाहिलंत, जणू तुमचीच लेक पारखी निघाली. सफ्फारीनच्या चौकात तांबटांचे हातोडे चालू होते. तिथे माझा नवरा तासभर हलला नाही, आणि तुम्ही त्याला एका शब्दाने घाई केली नाहीत. त्याच चौकाला लागून करवीयीन मशिदीचं ग्रंथालय आहे. मशिदीत आम्हांला जाता येत नव्हतं. दारातून आतलं अंगण दिसलं, तेवढं तुम्ही आम्हांला नीट बघू दिलंत. ती मशीद 859 साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने वडिलांच्या वारशाच्या पैशातून उभी केली असं सांगतात, आणि ती कैरुआनहून, म्हणजे बाहेरून आलेल्या घरातली होती. नात हे सांगत असताना तुम्ही छातीवर हात ठेवलात. तो मान बघून मला बरं वाटलं.

चामडं कमावण्याच्या चुवारा कुंडांकडे त्या वाटाड्याने आम्हांला पहिल्याच दिवशी नेलं होतं, पुदिन्याची काडी नाकाशी धरून. तुम्ही मात्र त्या गल्लीच्या तोंडाशी थांबलात, माझ्याकडे पाहिलंत आणि दुसऱ्या वाटेने वळलात. तिथे राबणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, चुन्याच्या पाण्यात दिवसभर उभं राहणं सोपं नाही. पण तुम्ही एकदा मागे वळून माझा चेहरा वाचलात, ते मी विसरणार नाही.

मधे माझी एकादशी आली, आणि योगायोगाने तो गुरुवार होता. तुम्ही सोमवारी आणि गुरुवारी रोजे धरता हे मला तोवर माहीत नव्हतं. मी उपास आहे म्हणून सांगितलं, तर तुम्हांला त्यात नवल वाटण्याजोगं काहीच दिसलं नाही. संध्याकाळी अजान झाली, तुम्ही खजूर तोंडात टाकलात, आणि मग माझ्यासमोर उकडलेले बटाटे, बदाम, खजूर आणि दुधाचा पेला ठेवलात. बटाटे त्याच पातेल्यात उकडले होते. माझ्या आजीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘त्या बाईला माझा दंडवत सांग.’ तो या पत्रातून पोचवते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी बाजार बंद, घरोघरी कुसकुस. तुमची मुलं, सुना, नातवंडं जमली. तुम्ही दोन रश्शे केलेत, एक त्यांचा आणि एक माझा. माझ्या रश्शात गाजर, सलगम, भोपळा, कोबी, हरभरे, आणि वर मनुका घालून परतलेला गोड कांदा. ताट एकच, मोठं, गोल. तुम्ही मध्ये कुसकुसची भिंत केलीत आणि माझी बाजू मला दाखवून दिलीत. तुमच्या धाकट्या नातवाचा चमचा चुकून माझ्या बाजूला आला, तर तुमच्या सुनेने त्याला हळूच अडवलं. माझा नवरा दोन्ही बाजूंनी जेवला, आणि तुम्ही त्याला तेही करू दिलंत.

आमच्याकडे ‘अतिथी देवो भव’ आम्ही पाटीवर रंगवतो. त्या कंपनीच्या कार्यालयातही तशी पाटी आहे, मी पैसे भरताना वाचली होती. पाहुण्याला चांगलं-चुंगलं खायला घालणं त्यामानाने सोपं आहे, ते पुष्कळ जण करतात. दुसऱ्याच्या नियमाला, आपला नसताना, आपल्याला तो पटो न पटो, आपल्या नियमाइतकं वजन देणं हे फार थोड्यांना जमतं. मी पुण्यात कितीतरी शिकलेल्या, जग फिरलेल्या लोकांच्या घरी ‘अगं, काढून टाक तेवढं’ हे ऐकलंय. तुमचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, तुमच्या घरात मांसाशिवाय सण होत नाही. तरी मला त्या घरात एकदाही ओशाळं वाटलं नाही. माणसाने माणसाशी असंच वागावं असं मला मनापासून वाटतं, आणि तसं वागणारी माणसं आहेत हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते.

त्या कंपनीने नंतर दिलगिरीचा एक छापील निरोप पाठवला. त्यात माझं नावही चुकलेलं होतं. असो.

निघताना तुम्ही ते पातेलं मला देऊ करत होतात आणि मी नको म्हटलं, हे तुम्हांला लागलं असेल तर क्षमा करा. ते तुमच्याच स्वयंपाकघरात राहावं असं मला वाटलं, कारण माझ्यासारखी आणखी कुणीतरी येईल. परवा तुमच्या नातीने कळवलं की केरळहून आलेल्या एका जोडप्यासाठी तुम्ही त्यातच डाळ शिजवलीत. ते वाचून मी घरभर सांगत सुटले.

पुढच्या थंडीत आम्ही आईला घेऊन येतो आहोत. तीही माळकरी आहे, आणि तिला तुमच्याकडून बिसारा शिकायचा आहे. ती येताना तुमच्यासाठी बाजरीचं पीठ आणणार आहे. फर्रानवाल्याला मात्र आधी सांगून ठेवा, भाकरी त्याच्या भट्टीत नाही, तुमच्या चुलीवर तव्यावरच होईल.

तुमची,
ब्ला ल्हम