‘इन्स्टंट’ हा शब्द गाळला, आमचा हात भरून आला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण ‘घरच्या घरी डालगोना कॉफी’ ही पाककृती छापली आहे. साहित्य : कॉफी पावडर दोन मोठे चमचे, साखर दोन मोठे चमचे, गरम पाणी दोन मोठे चमचे, थंड दूध एक ग्लास. कृती चार ओळींची. त्यातली मुख्य ओळ, ‘घट्ट फेस येईपर्यंत फेटावे.’ मी फेटलं. पाऊण तास फेटलं. फेस आला नाही, म्हणून हे पत्र.

मी सांगलीतल्या एका शाळेत ३१ वर्षं प्रयोगशाळा सहायक होतो. कागदावर जी कृती लिहिली असेल ती जशीच्या तशी करायची, मधे आपली अक्कल घालायची नाही, ही सवय हाडात मुरलेली. सुट्टीला पुण्याहून नात आली आहे, वय वर्षं नऊ. तिच्या आजीने पुरवणी तिच्यासमोर धरली, आणि तिने ती माझ्यासमोर. घरात कॉफी पावडर होतीच. बेळगावची आमची आक्का येताना फिल्टर कॉफीची अर्ध्या किलोची पिशवी घेऊन आली होती. तिच्या घरी सकाळी चहा होतच नाही, पितळी फिल्टर ठिबकत असतो. आपण ‘कॉफी पावडर’ म्हटलंय, ही कॉफीचीच पावडर, तेव्हा शंका घ्यायचं काही कारण नव्हतं.

दहा मिनिटांनी वाटीत काळा चिखल होता. २०१९च्या ऑगस्टमधला पूर ओसरल्यावर कृष्णामाईने आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर जो गाळ ठेवला होता, थेट तोच रंग आणि तीच चकाकी. नात म्हणाली, “आजोबा, थांबू नका, व्हिडिओत पण आधी असंच दिसतं.” थांबलो नाही. चमचा ठेवून काटा घेतला, काटा ठेवून ताकाची रवी घेतली. आणखी साखर घातली (इथे कागद सोडून वागलो, कबूल करतो). शेवटी दंड खांद्यापासून असा भरून आला की रात्री सदऱ्याची बाही काढायला नातीला बोलवावं लागलं.

तेवढ्यात हिचं पूजेचं आवरलं. ती वाटीत डोकावली, बोटाने थोडं चाटलं आणि म्हणाली, “अहो, ही फिल्टरची आहे. हिला जन्मात फेस येणार नाही. पुडीतली लागते.”

हिला कसं ठाऊक, तर त्याचीही एक हकिकत आहे. १९८३ साली आम्ही तासगावला मुलगी बघायला गेलो होतो. बैठकीत पोहे फिरले, बेदाण्याच्या भावावर बोलणं झालं, आणि आतून सारखा टणटण टणटण आवाज. थांबेच ना. माझे मामा मोठ्या आवाजाचे, ते म्हणाले, “आत तांबट बसवलाय का काय?” बैठक हसली. वीसेक मिनिटांनी कपबशीतून कॉफी आली, वर बोटभर बदामी साय असावी तसा फेस. आत हिची थोरली वहिनी स्टीलच्या पेल्यात कॉफी आणि साखर पाण्याच्या चार थेंबांवर फेटत बसली होती. पाहुण्यांना नुसता चहा देणं बरं दिसत नाही, म्हणून. मामांचं ते वाक्य आतपर्यंत ऐकू गेलं होतं आणि त्याचा हिशेब अजून अधूनमधून माझ्याकडून वसूल होतो.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन-दोन रुपयांच्या ब्रूच्या पुड्या आणल्या आणि पुन्हा बसलो. या वेळी रीतसर, वहीत नोंदी करत.

पहिला घाणा रवीने घुसळला. फेस धरला पण अंगात जोर नव्हता, लगेच बसला. कारण रवीतच होतं. लाकडात वर्षानुवर्षांचं लोणी मुरलेलं, आणि स्निग्धांश हा फेसाचा वैरी. शाळेत साबणाच्या फेसावर तेलाचे थेंब सोडून मी हे मुलांना किती वेळा दाखवलं असेल, पण स्वतःच्या ओट्यावर आठवलं नाही. दुसऱ्या खेपेला वाटी आणि चमचा गरम पाण्याने घासून घेतले. चहाचे दोन चमचे कॉफी, दोन साखर, दोन कढत पाणी. पहिली तीन-चार मिनिटं नुसतं डांबर. पाचव्या-सहाव्या मिनिटाला कडेला चॉकलेटी रंगाची रेघ दिसू लागली, चमच्याला ओढ लागली. मग रंग भराभर उतरत गेला आणि बाराव्या मिनिटाला वाटीत फिकट बदामी, चकचकीत, लोण्यासारखा गोळा. चमचा उचलला की टोक उभं राहतं. वाटी उपडी केली तरी पडत नाही (हा प्रयोग बेसिनवरच करावा, आमचा पहिल्या खेपेला चुकला). तिसरा घाणा बिनसाखरेचा, कारण हिला साखर वर्ज्य. त्यालाही फेस येतो, पण विरविरीत, आणि दूध ओतेपर्यंत निम्मा खाली. साखरेने पाक दाट होतो, बुडबुड्यांभोवतीचं पाणी लवकर निथळत नाही, म्हणून फेस टिकतो. साखर इथे नुसती गोडीला नाही.

आता फिल्टरच्या पावडरीला फेस का येत नाही, ते थोडक्यात सांगतो. ती म्हणजे भाजलेल्या बियांची भरड. तिचा मोठा भाग पाण्यात विरघळतच नाही, चोथा होऊन उरतो. शिवाय बीचं तेल तिच्यात असतं. पुडीतली कॉफी वेगळी. कारखान्यात कॉफी आधीच उकळून तिचा अर्क काढतात, चोथा टाकून देतात, आणि अर्क गरम हवेत फवारून सुकवतात. त्यामुळे ती पाण्यात सगळीच्या सगळी विरघळते. अर्कात बीतली थोडी प्रथिनं आणि लांब साखळ्यांची कर्बोदकं उतरलेली असतात. फेटून आत कोंडलेल्या हवेभोवती ती पापुद्रा धरतात. आपल्या पाककृतीत ‘इन्स्टंट’ हा एक शब्द असता, तर माझा दंड आणि आक्काची कॉफी दोन्ही वाचले असते.

दुसरी दुरुस्ती नावाची. ‘कोरियन भाषेत डालगोना म्हणजे फेसाळ कॉफी’ असं आपण सुरुवातीलाच लिहिलंय, ते बरोबर नाही. डालगोना ही तिकडची मुलांची मिठाई. साखर वितळवायची, तिच्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायचा. सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटून पाक फुगतो, आणि थापून गार केला की जाळीदार कुरकुरीत चकती होते. तिच्यात कॉफीचा कण नाही, आणि आपल्या कॉफीत सोड्याचा नाही. जानेवारी २०२०मध्ये जंग इल-वू हा दक्षिण कोरियाचा अभिनेता टीव्हीच्या एका कार्यक्रमात मकावच्या एका उपाहारगृहातली फेटलेली कॉफी प्यायला आणि त्याला त्या मिठाईची आठवण झाली. म्हणजे कॉफी प्यायला मकावला, नाव मात्र कोरियाचं. पुढे दोन महिन्यांत टाळेबंदी लागली, सगळं जग घरात बसलं, आणि ज्याच्या त्याच्या हातात वाटी-चमचा आला. आमची लेकसुद्धा तेव्हा पुण्याहून फोनवर ग्लास दाखवायची. इकडे इस्लामपुरात रुग्ण निघाल्याने आमचं लक्ष कॉफीत नव्हतं.

ही कॉफी आमचीच, म्हणून मी भांडायला आलेलो नाही. फरक आहे, आणि तो रीतीत आहे. तासगावला फेटलेल्या कॉफीवर वरून कढत दूध ओतलं होतं, त्या धारेबरोबर फेस आपोआप वर आला. डालगोनात दूध खाली, बहुधा थंड, आणि फेस चमच्याने वर ठेवायचा. पिताना ढवळावं लागतं हेही आपण लिहिलेलं नाही. नातीने वरचा घास तसाच घेतला आणि तोंड कडूजहर करून बसली.

तिसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ‘मोठा चमचा’ म्हणजे १५ मिलिलिटरचा, चहाचा ५चा. आपल्या हिशेबाने एका ग्लासात चहाचे सहा चमचे कॉफी पडते. चहाच्या एका चमचाभर इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन धरलं, तरी ग्लासाला ३६० होतात. धडधाकट मोठ्या माणसानेही दिवसभरात ४००च्या आत राहावं असं सांगतात, आणि आपल्या पाककृतीच्या वर ‘बच्चेकंपनीसाठी खास’ असा मथळा आहे. नातीला मी दुधावर अर्धा चहाचा चमचा फेस दिला, तोही दुपारी. हिने मात्र ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत संध्याकाळी सहाला उरलेला सगळा संपवला, आणि रात्री दोन वाजता मला उठवून विचारलं, माळ्यावरचा पितळी डबा नेमका कुठल्या साली घेतला होता. १९९१.

तरी येत्या रविवारच्या पुरवणीत एवढं छापावं : कॉफी इन्स्टंटच घ्यावी, चमचा चहाचा धरावा, भांडं तुपातेलाचं नसावं, आणि तो ‘बच्चेकंपनी’वाला मथळा काढावा. चौकट लहान चालेल.

आक्काच्या पिशवीतली पावडर मी दोन-तीन खेपांत मिळून बरीच वाया घालवली आहे. उरलेली फिल्टरमधून नीट काढून पितोय. तिला अजून काही कळवलेलं नाही. पण आपली बेळगाव आवृत्ती तिच्याकडे रोज सकाळी पडते, आणि ती वाचकांच्या पत्रांचं पान आधी उघडते, तेव्हा माझं नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
गावभाग, सांगली