नंद्या, काकांचा रिसीव्हर एकगठ्ठ्यात देऊन टाकू नकोस

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय नंद्या,

तुझा मेसेज वाचला आणि राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय, फोनवर एवढं सगळं सांगून होणार नाही. काकांचं शिकागोजवळचं नेपरव्हिलचं घर रिकामं करायचंय, काका-काकू दिवाळीच्या आत नाशिकला निघणार, आणि बेसमेंटमधलं सगळं इलेक्ट्रॉनिक्सचं सामान तो कोण माणूस येऊन गेला तो ४०० डॉलरला उचलायला तयार आहे म्हणतोस. देऊ नकोस रे. निदान फोटोत दिसतायत त्या चार वस्तू तरी बाजूला काढून ठेव, मॅरान्ट्झचा २२३० रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकत्र असलेला), टेक्निक्सचा टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, एचपी-४१ कॅल्क्युलेटर आणि अॅपलचा तो छोटा जुना कॉम्प्युटर, मॅक एसई/३०. एकटा टर्नटेबलच, जर तो एसएल-१२०० एमके-टू असेल आणि नीट फिरत असेल, तर ४०० च्या वर जातो. त्या माणसाला हे माहीत आहे म्हणून तर तो "सगळं मिळून" म्हणतोय.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. ईबेवर, म्हणजे त्या लिलावाच्या वेबसाइटवर, मॉडेल नंबर टाक आणि फिल्टरमध्ये विकलेल्या वस्तू निवड. मागायला कुणीही काहीही मागतं, तो आकडा बघायचाच नाही, हिरव्या अक्षरात दिसतो तो खरोखर गेलेला भाव. आणि एकच भाव बघून हुरळूनही जायचं नाही, कारण सर्व्हिस केलेला, लाकडी केस असलेला रिसीव्हर आणि वीस वर्षं बेसमेंटमध्ये पडलेला रिसीव्हर यांच्या भावात दुपटीचासुद्धा फरक असतो.

आता लिलाव की फिक्स भाव. तुझा जुना लॅपटॉप आणि फोन यांचा भाव सगळ्या जगाला माहीत आहे, ते सरळ किंमत लिहून टाक. लिलाव काकांच्या वस्तूंसाठी, म्हणजे ज्याची खरी किंमत त्या दिवशी कोण दोघं हट्टाला पेटतात त्यावर ठरते अशा मालासाठी. त्याची गंमत अशी आहे की बोली लावणारा आपला कमाल आकडा गुपचूप टाकून ठेवतो आणि सिस्टिम त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते. समज एकाने १८० टाकले, दुसऱ्याने १५०, तर भाव १५२.५० वर थांबतो, १८० वर नाही. म्हणजे तुला मिळणारी किंमत पहिल्या माणसावर नाही तर दुसऱ्या माणसावर ठरते, आणि म्हणून तुला एक वेडा नको, दोन हवेत. दोन कधी येतात, तर वस्तू नीट सापडली तर. टायटलला ८० अक्षरं मिळतात, त्यात कंपनी, मॉडेल नंबर, चालू की बंद एवढंच घाल, "सुंदर" "दुर्मिळ" असलं कुणी शोधत नाही. सात दिवसांचा लिलाव ठेव आणि तो रविवारी संध्याकाळी संपेल असा लाव, तुमच्याकडचे ८ म्हणजे इकडे ९ आणि कॅलिफोर्नियात ६, सगळे घरी असतात. मधले पाच-सहा दिवस भाव हलणार नाही, घाबरायचं नाही, कसलेले लोक शेवटच्या काही सेकंदात बोली टाकतात. आणि मधेच कुणीतरी मेसेज करेल की आत्ता लिलाव बंद कर, मी कॅश देतो, त्याला नम्रपणे नाही म्हण. पण सुरुवातीची किंमत मात्र अशी ठेव की एकच माणूस आला आणि त्या किमतीला वस्तू गेली तरी काकांना वाईट वाटणार नाही.

ईबेची फी साधारण साडेतेरा टक्क्यांच्या आसपास जाते आणि ती शिपिंग आणि सेल्स टॅक्स धरून एकूण रकमेवर लागते हे आधीच हिशोबात धर. तुझं खातं नवीन आहे त्यामुळे सुरुवातीला विकायची मर्यादा असते, पैसेही काही दिवस अडकून राहतात, म्हणून आधी एखादी बारीक वस्तू काढ, केबल नाहीतर रिमोट, आणि या आठवड्यातच काढ.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. नंद्या, समोरच्याला वस्तू हातात घेऊन बघता येत नाहीये. दुकानात माणूस बटण दाबतो, उलटी करतो, कान लावतो. इथे त्याचे हात, डोळे, कान सगळं तूच आहेस. म्हणून जे बिघडलंय ते सगळ्यात आधी लिही, पहिल्याच ओळीत, आणि त्याचा फोटो मोठा काढ. आवाजाचं बटण फिरवताना खरखरतं, डाव्या बाजूचा आवाज मधेच जातो, डायलचा एक दिवा गेलाय, झाकणावर चरा आहे, सगळं. २४ फोटो टाकता येतात, पुढचा एक, मागच्या जोडणीच्या जागांचा एक, सिरीयल नंबरचा एक, चालू असताना निळा डायल दिसतोय असा एक, आणि उरलेले दोषांचे. लोकांना वाटतं दोष लिहिला की भाव पडतो. माझा अनुभव उलटा आहे, दोष लिहिलेला असला की माणूस बाकीच्या वर्णनावर विश्वास ठेवतो आणि बिनधास्त बोली वाढवतो, कारण त्याला कळतं की इथे लपवाछपवी नाही. आणि "टेस्ट केलेलं नाही" हे वाक्य तर लिहूच नकोस, प्लग लावून बघायला काय जातं, वाचणारा सरळ बंद आहे असंच धरतो.

बंद वस्तूलाही गिऱ्हाईक आहे हे लक्षात ठेव. ईबे १९९५ मध्ये पिअर ओमिड्यारने सुरू केलं तेव्हा सगळ्यात पहिली विकली गेलेली वस्तू तुटका लेझर पॉइंटर होता, १४.८३ डॉलरला, आणि त्याने घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं की बाबा हा मोडलाय हे तुला कळलंय ना, तर तो म्हणाला मी मोडलेलेच जमवतो. तो मॅक सुरू झाला नाही तरी फेकू नकोस, "पार्ट्ससाठी" अशी वेगळी कंडिशन असते त्यात टाक. फक्त त्याच्या आतली छोटी लिथियम बॅटरी फुटून बोर्ड खाऊन टाकते, तेव्हा ती काढलेली असली तर माल वाचतो. पण तू स्वतः तो उघडू नकोस, आत पिक्चर ट्यूब आहे, हाय व्होल्टेज असतं, जुने मॅक दुरुस्त करणारा कुणीतरी शिकागोत मिळेलच. कॅल्क्युलेटरच्या चार बारक्या बॅटऱ्याही काढ, टोकांवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून हलक्या हाताने पूस आणि मग चालतो का बघ.

आणि हे सगळं करताना काकांना शेजारी बसव. कुठून घेतला, कधी दुरुस्त केला, सुई कधी बदलली, सगळं विचार आणि लिही. पहिल्या मालकाकडून येणारी वस्तू याला जमवणाऱ्यांच्यात फार मान आहे, आणि तू म्हणतोस तसं काकांनी खरंच मॅन्युअल आणि पावत्या फाइलला लावून ठेवल्या असतील तर त्यांचाही फोटो टाक. मूळ खोका असेल तर तो फोडू नकोस, नुसत्या खोक्यालाही किंमत येते. हेही विचार की त्यांना एखादी वस्तू न्यायचीय का. रिसीव्हर १२० व्होल्टचा आहे, नाशिकला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल पण वाजेल छान. त्यांना न्यायचा असेल तर भावाचा विचारही करू नकोस.

पॅकिंग. इथे घाई करायची नाही, कारण लिलाव संपला म्हणजे अर्धंच काम झालं. टर्नटेबल असाच्या असा खोक्यात घातला की मेला. वरची जड तबकडी काढायची आणि वेगळी गुंडाळून खोक्याच्या तळाला ठेवायची, सुईच्या दांडीच्या, म्हणजे आर्मच्या, मागचं वजन काढायचं, पुढचा सुईचा भाग काढून छोट्या डबीत, आर्म त्याच्या खोबणीत बांधून टाकायचा, आणि प्लॅस्टिकचं झाकण बिजागरीतून काढून वेगळं, मध्ये फोम. मग हे सगळं एका खोक्यात, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, दोन्हींच्या मध्ये चहूबाजूंनी किमान २ इंच भरण. रिसीव्हरलाही डबल खोकंच. त्याच्यात थर्माकोलचे दाणे वापरू नकोस, ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने तो प्रवासात दाण्यांतून खाली सरकत तळाला टेकतो, जाड फोमच्या पाट्या लाव आणि पुढच्या बटणांवर कसलाही भार येऊ देऊ नकोस. टेप लावायच्या आधी खोकं उचलून नारळासारखं हलवून बघ, आत काही जरासं जरी हललं तर पुन्हा उघड.

शिपिंगचा खर्च लिलाव लावायच्या आधी काढायचा, नंतर नाही, म्हणजे आधी पॅक करून, मापून, वजन करूनच लिस्ट कर. कारण यूपीएस, फेडेक्स या कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, लांबी-रुंदी-उंची इंचात गुणून १३९ ने भागतात आणि ते खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचे पैसे घेतात. २४ बाय १८ बाय १२ चं खोकं म्हणजे ३८ पौंड धरलं, आत कापूस भरलेला का असेना. कॅल्क्युलेटर पोस्टाच्या ग्राउंड अॅडव्हांटेज नावाच्या पार्सल सेवेने जाऊ दे, त्यात १०० डॉलरपर्यंतचा विमा असतोच, वरचा आपण घ्यायचा. घेणारा जपान-जर्मनीतला निघाला तर घाबरू नकोस, ईबेच्या आंतरराष्ट्रीय शिपिंगमध्ये तू फक्त त्यांच्या ग्लेनडेल हाइट्सच्या हबला, म्हणजे पार्सल केंद्राला, पाठवायचं, ते तर तुमच्या घराजवळच आहे, कस्टम्सचं पुढचं सगळं ते बघतात.

तुझ्या फोन-लॅपटॉपचं वेगळं. आधी अकाउंटमधून बाहेर पड, मग रीसेट कर, नाहीतर अॅक्टिव्हेशन लॉक, म्हणजे तुझ्या पासवर्डशिवाय न उघडणारं कुलूप, राहतं आणि घेणाऱ्याच्या हातात वीट पडते. आत लिथियम बॅटरी असलेली वापरलेली वस्तू पोस्टाने विमानातून जात नाही, फक्त जमिनीवरून, आणि खोक्यावर तसं लिहावं लागतं. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र पाठवूच नकोस, तिकडच्या घातक कचरा केंद्रात नेऊन दे.

फसवणुकीचं थोडक्यात. ऑर्डरवर आहे त्याच पत्त्यावर पाठवायचं, कुणी "भावाच्या पत्त्यावर पाठव" म्हटलं तर नाही. बोलणं साइटवरच, व्हॉट्सअॅपवर नाही. ७५० डॉलर किंवा वर गेलं तर सही घेऊनच डिलिव्हरी. पॅक करताना सिरीयल नंबर दिसेल असा व्हिडिओ काढून ठेव, कारण परत येताना दुसरीच वस्तू येण्याचे प्रकार होतात, आणि २००८ पासून विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल वाईट शेरा देता येत नाही, तेव्हा पुरावाच काय तो आपला.

त्या माणसाला आजच फोन करून नाही सांग, बाकीच्या वायरी आणि व्हीसीआर हवे तर त्याला दे. मला रिसीव्हरच्या मागच्या बाजूचे आणि टर्नटेबलच्या खालच्या लेबलचे फोटो पाठव, भाव मी काढून ठेवतो. जाड फोमच्या पाट्या माझ्याकडे पडून आहेत त्या तुला पाठवतो, विकत घेऊ नकोस. शनिवारी सकाळी काकांना घेऊन व्हिडिओ कॉलवर बस, वर्णन आपण तिघं मिळून लिहू.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
पक्या