कुत्रं अंगावर आलं तर पळू नकोस

प्रिय पक्या,

काल फोनवर तू म्हणालास की नाइट शिफ्टवरून येताना गल्लीतली तीन कुत्री गाडीमागे लागली आणि तू रेस पिळून सुटलास, तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जातच नाहीये. अरे, तिथेच माणूस पडतो. पुढच्या वेळी स्पीड हळूहळू कमी कर, गरज वाटली तर थांबच, बऱ्याचदा गाडी थांबली की त्यांचा जोर ओसरतो. उतरलास तर गाडी तुझ्या आणि कुत्र्यांच्या मध्ये ठेव.

माझं तुला पूर्ण सांगितलंच नव्हतं. मागच्या डिसेंबरात पहाटे दूध आणायला निघालो, शेजारच्या पार्किंगमध्ये कुत्री व्यायलेली, मला माहीतच नाही, पिल्लांच्या अगदी जवळून गेलो. ती आधी नुसती गुरगुरली, शेपूट ताठ, पाठीवरचे केस उभे. म्हणजे तिने मला सांगितलं होतं रे, लांब हो म्हणून! आणि मी पळालो. चार पावलांत पोटरी धरली तिने.

पळायचं नाही, ओरडायचं नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही. जरा तिरकं उभं राहायचं, हात अंगाशी, आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे. तुझी लॅपटॉपची सॅक पुढे धर, चावायचंच असेल तर सॅकला चावू दे. दगड उचलल्यासारखं नुसतं खाली वाकलं तरी आपल्याकडची कुत्री बऱ्याचदा मागे सरतात, पण खरंच मारत बसू नकोस, जास्त चवताळतात. आणि पडलासच तर पोटाशी गुडघे घेऊन गोळा हो, हात मानेमागे, तोंड झाकून घे.

चावलं तर, हे नीट वाच. मी नळाखाली पाय जेमतेम धरला आणि आईने हळद भरली. डॉक्टर जाम चिडले. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं असतं, घड्याळ लावून, आणि हळद, चुना, तिखट काहीच लावायचं नाही. रक्त आलेलं म्हणून जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजची सुई दिली, फार दुखलं, शिवाय लस ० (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी. तिसऱ्या डोसनंतर जखम भरली, मला वाटलं आता कशाला जायचं, आईने हाताला धरून नेलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही रे, म्हणून एकही डोस चुकवायचा नाही.

तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या कानाला खाच आहे का बघ. असली तर नसबंदी झालेली असते, तेव्हा रेबीजची लसही टोचलेली असते. पण तेवढ्यावर विसंबून राहू नकोस, चावलं तर दवाखाना गाठायचाच. आणि मला तिच्यावर राग नाहीये, पिल्लं होती तिची.

आज शिफ्ट सुटल्यावर मेन रोडनेच ये, पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, आणि घरी पोचलास की कितीही वाजले असले तरी मेसेज टाक. मी जागा आहे.

तुझा,
बंड्या